मंगलचा गुडघा आणि सरांची घाई

"मॅडम, जखम भरली, सूज नाय. तुम्ही फक्त सही करा," सर म्हणाले.

मी फिजिओथेरपिस्ट. पुंडलिकनगरात माझं क्लिनिक आहे. समोर बसली होती मंगल, सोयगावकडची कबड्डीपटू. शेजारी तिचे वडील, मेंढपाळ. सर तिचे कोच. गळ्यात शिट्टी घालूनच आले होते. मंगलच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. राज्य संघाची निवड पुढच्या आठवड्यात. सरांना फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं.

"ही पायरी उतरून दाखव," मी मंगलला म्हणाले.

ती उतरली. ऑपरेशनचा गुडघा आत वळला, थरथरला. तिनं भिंत धरली.

"घाबरली ती. मन खंबीर पाहिजे. मी खेळाडूंना नेहमी सांगतो."

सर नेहमी सांगत असणार, यात शंका नव्हती.

मी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. ऑपरेशनच्या पायाची चांगलीच बारीक झाली होती. मग समजावलं. लिगामेंट हाडांना बांधून ठेवतं, शिवाय गुडघा किती वाकलाय याची खबर मेंदूला देतं. ते तुटलं की खबर अर्धवट पोचते. मग मेंदू मांडीच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही. ऑपरेशननं बांधणी होते. स्नायूवरचा ताबा मात्र महिनोन्‌महिने व्यायाम करूनच परत येतो.

"हे पुस्तकातलं झालं," सर म्हणाले. "मैदानावर वेगळं असतं."

"हो. मैदानावर सात जणी पकडायला येतात."

मंगल रडायला लागली. "मॅडम, एवढी एक बारी जाऊ द्या ना. पुन्हा चान्स नाय मिळायचा."

मला वाईट वाटलं. सही करायला दोन सेकंद लागतात.

तेव्हा वडील पहिल्यांदा बोलले. "बाई, हिला आत्ता पळवली तर काय व्हईल?"

"पुन्हा तुटू शकतं."

ते सरांकडं वळले. "लंगडी मेंढी मी कळपासंगं हाकत नाय, सर. खांद्यावर घेतो. ही तर लेक हाय माझी."

सर्टिफिकेट न घेताच सर गेले.

मंगल आठवड्यातून दोनदा एसटीनं यायची. पहिला महिना माझ्याशी धड बोललीसुद्धा नाही. पण व्यायाम एकही चुकवला नाही. पुढच्या वर्षी तिची निवड झाली.

सत्काराला मी गेले होते. माईक सरांकडं होता. "खेळाडूची घाई करायची नाही, हे माझं पहिल्यापासूनचं तत्त्व!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गुडघ्याला सगळं नव्यानं शिकवता येतं. कोचसाठी माझ्याकडं व्यायाम नाही.