निरंक

समोर नवा माणूस आला की सर त्याचं नाव विचारत नसत. आधी विचारत, "घरात कोण कोण?" आणि उत्तर येईपर्यंत खिशातलं पेन बाहेर आलेलं असे. एसटीचं तिकीट, टपरीवरचा कागद, परीक्षेची उरलेली पुरवणी, जे हाताला लागेल त्यावर ते काढायला लागत. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ. लग्नाची जोडी असेल तर मधे बरोबरचं चिन्ह, आणि मुलांसाठी खाली रेघा. समाजशास्त्रात कुटुंब असंच मांडतात म्हणे. मी कॉमर्सवाला, त्यातून हेडक्लार्क. मला त्यातलं काय कळणार?

आमचं कॉलेज खर्ड्याच्या अंगाला, कोरड्या माळावर. एवढंसं की शिपाई रजेवर गेला तर घंटा मीच वाजवी. समाजशास्त्राची बी.ए. सर एकटे चालवत. विभागप्रमुख तेच आणि विभागही तेच. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे, पण दाराबाहेर पाऊल पडलं की गावची सुरू होई. मला ते भाऊसाहेब म्हणत.

रुजू झाले त्या दिवशी मी त्यांची कागदपत्रं मागितली आणि त्यांनी माझं घर मागितलं. माझ्याच टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी मी, बायको, दोन मुली, आई असे सगळे मांडले. वडिलांच्या त्रिकोणावर एक तिरकी रेघ मारली. मी म्हटलं, खोडलं का? ते म्हणाले, "खोडलं न्हाई, भाऊसाहेब. गेलेल्या माणसावर नुसती रेघ येती. मानूस हाय तिथंच ऱ्हातो." तो कागद मी उगीच टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला.

बरीच वर्षं तो तिथं होता. माझी आई गेली तेव्हा सर दहाव्याला येऊन मागच्या रांगेत बसून गेले. मी कामावर परतलो त्या दिवशी त्यांनी काच उचलली, आईच्या वर्तुळावर अगदी हलक्या हातानं रेघ ओढली आणि तिचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते वर्तुळाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं आणि तासाला निघून गेले. मी तोवर रडलो नव्हतो. तेव्हा रडलो, आणि बाहेर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या मुलांना शिपायानं "उद्या या" म्हणून सांगितलं.

दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सर एकच काम देत. आपापल्या वस्तीवर घरोघर जायचं आणि दिवाळीनंतर घरात कोण उरतं ते मांडायचं. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. मग उरतात म्हातारी माणसं, आणि कुठं कुठं त्यांच्या जिवावर सोडलेली पोरं. वैजयंता नावाच्या मुलीनं तिच्या वस्तीवरच्या अशा अकरा म्हाताऱ्यांची वही केली होती: कुणाला दिसत नाही, कुणाच्या गोळ्या कधी संपतात, कुणाचा मुलगा कोणत्या कारखान्यावर आहे. परीक्षा संपली, ती पास झाली, जवळच्याच गावात लग्न होऊन गेली. पण वही तिनं बंद केली नाही. सासरच्या गावातली म्हातारी माणसं तिनं त्याच वहीत पुढं लिहून काढली आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांच्या दारात जाऊन येऊ लागली. हे मला सरांनी सांगितलं तेव्हा मी "चांगलंय" म्हणून पुढची फाइल उघडली होती.

मग मूल्यमापन आलं. पटसंख्या कमी असलेल्या पदव्या ठेवायच्या की बंद करायच्या हे ठरवायला बाहेरून समिती येणार होती. तिच्यासाठी एक तक्ता संगणकावर भरून द्यायचा होता. पदवी घेतलेल्याचं नाव, आणि पुढं तीन रकाने: नोकरी, उच्च शिक्षण, स्वतःचा व्यवसाय. सरांना मी महिनाभर आधी सांगितलं. ते रविवार अन् सुट्ट्या धरून एसटीनं गावोगाव फिरले. पार श्रीरामपूरला दिलेल्या एका मुलीच्या सासरीही जाऊन आले. आणि शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्यासमोर कागदाची भलीमोठी गुंडाळी आणून ठेवली.

चित्रकलेचे कागद एकाला एक चिकटवले होते. सगळ्यात वर एक लहानसा त्रिकोण, म्हणजे ते स्वतः. त्याखाली रेघा, आणि प्रत्येक रेघेला आमच्या कॉलेजातून समाजशास्त्र घेऊन गेलेला एकेक जण. वर्तुळंच जास्त. प्रत्येकाखाली मुंगीएवढ्या अक्षरात, तो माणूस काय करतो. कुणी बचत गटाचं दप्तर सांभाळते, कुणी नणंदेचं कोवळ्या वयात ठरलेलं लग्न मोडून तिला दहावीला बसवलं. वैजयंताच्या खाली अकरा जणांची नावं होती आणि पुढं आणखी नऊ.

मी वैतागलो. पाच वाजता तक्ता जायला हवा होता. मी त्यांना म्हटलं, सर, यातलं एकही या तीन रकान्यांत बसत नाही.

"बसंना व्हय? मग रकाना वाढवा की."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. हजेरीपत्रक असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, कुठं अडलं की ते हेच म्हणत आणि मी हसत असे. त्या दिवशी हसलो नाही. संगणक माझं ऐकत नाही, एवढंच म्हणालो.

आता माझं सांगतो. कागदावर "काही नाही" असं आम्ही लिहीत नाही, "निरंक" लिहितो. रिकामा रकाना म्हणजे अर्धवट काम, असं मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तेव्हापासून एकही रकाना मी रिकामा सोडलेला नाही, आणि याचा मला तोरा होता. सर तासाला गेल्यावर मी त्या सगळ्या बायकांपुढं निरंक, निरंक, निरंक असं भरत गेलो. पाचाला दहा कमी असताना तक्ता गेला. मी चहा मागवला.

समिती आली. माणसं सभ्य होती, मी त्यांना नावं ठेवणार नाही. सरांनी गुंडाळी काखेत धरली होती. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ते नंतर बघू, आधी तक्ता घेऊ. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग नुसतं बोट खाली फिरवत गेले. सरांनी एकच गोष्ट विचारली. म्हणाले, वैजयंताच्या नावापुढं काय आहे ते जरा मोठ्यानं वाचता का? अध्यक्षांनी वाचलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ते खाली बसले. गुंडाळीचा दोरा शेवटपर्यंत सुटला नाही.

पत्र आलं ते मीच आवक रजिस्टरला चढवलं. पुढच्या वर्षापासून प्रथम वर्षाला प्रवेश नाहीत. पदवी अशी एका दिवसात बंद होत नाही. आधी पहिलं वर्ष रिकामं होतं, मग दुसरं. शेवटच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दोनच मुली उरल्या होत्या. सर रोज वेळेवर जात आणि त्या दोघींची हजेरी वहीत बघून, नावं मोठ्यानं पुकारून घेत. ती हाक ऑफिसात ऐकू यायची. मी टेबल बदलून पाहिलं, तरी यायची.

एकदा न राहवून मी त्यांना टपरीवर गाठलं. म्हटलं, सर, माझं चुकलं, सोबत पत्र जोडायला हवं होतं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"पत्र कोन वाचतंय, भाऊसाहेब? रिकामं ठेवाया पायजे हुतं तुमी. रिकामं ठेवलं असतं, तर कुनीतरी ईचारलं तरी असतं."

त्यात टोमणा नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेतली चूक दाखवावी तसं ते म्हणाले. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

पदवी संपली त्याच वर्षी ते निवृत्त झाले. जाताना गुंडाळी माझ्या कपाटात ठेवून गेले. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. स्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत एकटेच राहत. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, पेपर घेऊन स्टँडवर बसलेली आणि कोणत्याच गाडीत न चढणारी. मी जाता-येता हात करी. थांबलो मात्र फार थोड्या वेळा, हेही लिहून टाकतो.

गेल्या दिवाळीनंतर ते गेले. छातीत कळ आली. वैजयंताचा त्यांच्या दारात येण्याचा तो वार होता. तिनं शेजारचा टेम्पो थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. नंतर मला कळलं की दोन वर्षांपासून तिच्या वहीत एकविसावं नाव त्यांचं होतं. दवाखान्याच्या कागदाची प्रत माझ्या टेबलावर आली. आणणाऱ्याच्या सहीखाली "नाते" असा रकाना होता. तिनं लिहिलं होतं: विद्यार्थिनी.

निवृत्त माणूस वारला की वरच्या कार्यालयाला एक फॉर्म पाठवावा लागतो. मी तो भरायला घेतला. नाव, हुद्दा, रुजू दिनांक. सातवा रकाना वारसाचा. सवयीनं पेन टेकलं, "नि" काढायला वळलंसुद्धा. तिथंच थांबलो. कपाटातली गुंडाळी काढली, ऑफिसच्या फरशीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार रजिस्टरं ठेवली आणि गुडघ्यांवर बसून सगळ्यात वरच्या त्रिकोणावर हलक्या हातानं एक तिरकी रेघ ओढली. शेजारी नाव लिहिलं. सातवा रकाना तसाच सोडून फॉर्म पाठवून दिला.

परवा तो परत आला. वर लाल शाईत शेरा आहे: "वारसाचा रकाना रिकामा का, खुलासा करावा."

सर, विचारलं बघा कुणीतरी. मी खुलासा लिहायला बसलोय. वैजयंतापासून सुरुवात केली आहे.