साफ केलेला चेहरा

चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. आमच्या वाङ्मय मंडळाचं उद्घाटन दरवर्षी त्याच दोन-तीन इंग्रज साहेबांच्या फोटोला हार घालून व्हायचं. मला त्याचा वीट आला होता. म्हणून एका वर्षी ठरवलं, कार्यक्रम करायचा तो एका काळ्या अमेरिकन लेखिकेवर. गुलामीत जन्मलेली, मालकाच्या घरून पळालेली आणि पुढे आपलं आयुष्य स्वतःच लिहून काढणारी बाई.

भाषणासाठी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पुढे आली. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावाहून ती बसने यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. वर्षभरात मी तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकला होता. लेखिकेचा फोटो मोबाइलवर दाखवला, तेव्हा मात्र तिने मोबाइल हातात घेऊन तो बराच वेळ पाहिला.

"मॅडम, हे तर आमच्या गावच्या बाईसारखी दिसते. मी बोलतो," ती म्हणाली.

ही पोरगी एकदा चारचौघांत ताठ उभी राहावी, एवढंच मला हवं होतं. बाकी कार्यक्रम पडला असता तरी चाललं असतं.

शुक्रवारी दुपारी गावातल्या फोटो स्टुडिओतून लेखिकेच्या फोटोचा फ्लेक्स आला. आम्ही दोघींनी तो वर्गात जमिनीवर उलगडला. बाई गोरीपान झाली होती. गालांवर गुलाबी छटासुद्धा होती.

"हे ते बाई नोहे. मी नाई बोलत," म्हणून मुलीने भाषणाचे कागद माझ्या हातात दिले.

माझं डोकंच फिरलं. फ्लेक्स गुंडाळला, तिला सोबत घेतलं आणि तडक स्टुडिओ गाठला. मालक जुम्म्याची नमाज आटोपून नुकतेच येऊन बसले होते. त्यांनी फ्लेक्स वरून खालून पाहिला. त्यांना त्यात काही चूक दिसेना.

"मेहनतीनं साफ केला, मॅडम. काळा फोटो दिला का लोकं वापस आनतेत."

"भाऊ, ती बाई काळीच होती!" मी ओरडलेच. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला गोरं करायला?"

ते चिडले नाहीत. आठवण करून द्यावी तसं म्हणाले, "तुमच्या लग्नासाठी पाठवाचा फोटो मीच काढलो होतो. थोडी उजळ करा भाऊ, असं तुम्हीच बोलल्या होत्या. एकदा नाई, तीन डाव करून घेतला."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"हो, घेतला होता," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

भाऊंनी नवा फ्लेक्स काढून दिला. शनिवारी पोरगी बोलली. आधी नजर कागदात होती. मग तिने कागद बाजूला ठेवला. मालकाच्या घरून पळताना त्या बाईला रानात कशाकशाची भीती वाटली असेल, ते तिने आपल्या बोलीत असं सांगितलं की मागच्या रांगेतली टवाळ पोरंही मोबाइल खाली ठेवून ऐकू लागली. मी रडले, आणि डोळ्यांत काही गेलं वगैरे बहाणा केला नाही.

सोमवारी ती स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, स्थळ आलं हाय. घरचे फोटो मागून राह्यले. सोबत या ना."

मी गेले. भाऊंनी फोटो काढून संगणकावर घेतला आणि या वेळी आधी विचारलं, "मॅडम, इचा तसाच ठेवू ना?"

"तिचा फोटो आहे, तिलाच विचारा," मी म्हणाले. उत्तर मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती.

ती पडद्यावरच्या आपल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं त्याच फोटोवर जमलं ना?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "जमलं," मी म्हणाले.

"मंग करा भाऊ, साफ."