शोभाताई हजर होत्या

शोभाताईंनी कंपनीचा मोबाइल पदराने पुसला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "नोकरी जाणार का हो, सर?"

आमच्या औषधांच्या गोदामात प्रत्येकाला कंपनीचा फोन असतो. प्रत्येक फोनला आकडे-अक्षरांचा एक कायमचा पत्ता असतो. वायफायला तो दिसला की त्या माणसाची हजेरी लागते. ती यादी मी सांभाळतो. यादीप्रमाणे शोभाताई तीन दिवस गैरहजर होत्या.

"मी रोज आलेय," त्या म्हणाल्या. मी मान हलवली, पण नजर यादीवरच होती.

तळाशी एक अनोळखी पत्ता दिसला. तिन्ही दिवस, सकाळी आठपासून, पॅकिंग विभागात. मी त्यांच्या फोनची सेटिंग उघडली. तीन दिवसांपूर्वी अपडेट झाल्यापासून फोन खरा पत्ता लपवून वायफायला हाच अनोळखी पत्ता सांगत होता. ती सोय बंद केली, वायफाय पुन्हा जोडलं आणि यादीत त्यांचं नाव उमटलं.

"ताई, चूक फोनची होती. तुम्ही हजर होतात."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की माझेही खांदे सैल झाले. मग मात्र मला लाज वाटली. याच तीन दिवसांत एकदा त्यांनी डब्यातलं थालीपीठ मला दिलं होतं, मी ते मिटक्या मारत खाल्लं होतं. माणूस डोळ्यांनी पाहूनही आपण त्याची खात्री यादीत शोधतो.

"ताई, चूक माझीही होती," मी म्हणालो.

"असू द्या हो," म्हणत त्या हसल्या आणि भराभर कामावर निघाल्या.