मुंगीच्या पावलांचे टाके

२०१८ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि उभ्या जयपुरात माझ्याइतका हट्टी माणूस नाही अशी माझी खात्री होती. ती मोडली बनी पार्क वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या विमासाहेबांनी. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा नागपूरकडचा माणूस जगातल्या प्रत्येकावर संशय घ्यायचा, आणि तोही इतक्या अदबीनं की संशयितालाच बरं वाटावं. याला कारण त्यांच्या पेटीतल्या जुन्या रहस्यकथा. पानं पिवळी, भाषा पानांहून पिवळी. त्यातला खुनी म्हणजे ‘नराधम’, बाई ‘लावण्यवती’, आणि घाबरलेल्या माणसाची नेहमी ‘बोबडी वळे’. साहेब बोलायचेही तसेच. गॅलरीतून भाजीवाल्याला विनवायचे, “भैया, सत्य कथन करो, यह मेथी कल की है!” तो खालून जवळच्या गावाचं नाव घेऊन ओरडायचा, “कल की नहीं बाबूजी, चौमूं की है!”

प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ते स्वतःच्या हातानं सुईदोऱ्यानं शिवून टाकत. आधी खुनी कोण ते सांगायचं, मगच साहेब कात्री काढणार. पाहुण्यालासुद्धा सूट नाही.

मला पहिलं पुस्तक दिलं तेव्हा मी म्हणालो, “चष्मा खाली राहिला.” खरं सांगायचं तर मी मराठी तिसरीतून शाळा सोडलेली. फौजेत ट्रक चालवला. रस्त्यावरची पाटी वाचता येई, पुस्तकाचं पान नाही. हे मी पोटच्या पोराला कळू दिलं नव्हतं, यांना काय सांगणार? ते एवढंच म्हणाले, “मग मी वाचतो, फौजीभाऊ. तुम्ही संशयित धरा.” रोज दुपारी ते वाचत आणि मी धरी. चष्मा मात्र रोज खालीच राही.

वर्षभरानं एकदा त्यांनी पुस्तक माझ्याच मांडीवर ठेवलं. “मोतीबिंदू झाला हो, अक्षर दिसत नाही. आता तुम्ही वाचा, नाहीतर नराधम मोकळा सुटतो.” नराधमासाठी मी चष्मा आणला. दुपारभरात एक पान व्हायचं. ‘किंकर्तव्यमूढ’ या शब्दाशी तर मी पाव तास झुंजलो आणि चिडलो, “सरळ गोंधळला म्हणायला काय झालं होतं?”

“गोंधळलेला माणूस लगेच सावरतो, भाऊ. याला वेळ लागू द्या,” म्हणत त्यांनी चहा पुढे केला. मला कधी टोकलं नाही, की हसले नाहीत. पेटी संपेपर्यंत मी वाचत होतो.

मग मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना एक पुस्तक माझ्या हाती दिलं. “हे एकट्यानं.”

महिनाभरात मी एकट्यानं दोऱ्यापर्यंत पोचलो. संध्याकाळच्या उजेडात ते टाके पाहिले आणि थबकलो. मुंगीच्या पावलांएवढे बारीक, एका रेघेत, नवेकोरे. अक्षर न दिसणाऱ्या माणसाचे? मग आठवलं, मोतीबिंदू झाल्यावरही या गृहस्थाला दुसऱ्या मजल्यावरून शिळी मेथी बरोबर दिसत होती. बराच वेळ मी नुसताच चष्मा पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टातून कार्ड आणलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं: “विमासाहेब, नराधम सापडला. डोळे ठणठणीत असून आंधळ्याचं सोंग घेणारे ते तुम्हीच. सत्य कथन करा. दोरा कापलेला नाही. कात्री घेऊन या.”