आईची पत्रं प्लायवूडवर

लखनऊमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांनी माझ्या आईला फसवलं. सौदा मी ठरवला होता, म्हणून माझा राग दुप्पट आहे.

नव्वदच्या सुमारास मी साताऱ्याहून एकटाच इथे आलो आणि चिकन भरतकामाच्या कुर्त्यांचा धंदा शून्यातून उभा केला. गावी आईला वाचता येत नव्हतं. मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणं तिच्या जिवावर येई. म्हणून मी तिला बघता येतील अशी पत्रं लिहू लागलो. मोठी ऑर्डर मिळाली की ओळी वळवून अक्षरांचाच कुर्ता करायचा, गळा-बाह्यांसकट. ताप आला तर ओळींची खाट. कडेने कुर्त्यांवर छापतात तशी निळी वेल. तिचा लाकडी ठसा मी चौकातल्या छपाईवाल्याशी घासाघीस करून मिळवला. "भैया, इतने में तो लकड़ी भी नहीं आती," असं म्हणत त्याने दिलाच.

आंतर्देशीय पत्राच्या बाहेर, पत्त्याच्या मागच्या बाजूला, मी एक दार काढायचो. उघडं दार म्हणजे दिवाळीला येतोय, बंद म्हणजे नाही. आई आधी दार बघायची, मग पत्र फोडायची आणि शेजारणींना बातमी स्वतः सांगायची. अशी पत्रं लिहिणारा दुसरा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

पुढे ती लखनऊतल्या जानकीपुरमला माझ्याकडे राहायला आली ती पत्रांचा गठ्ठा घेऊनच. मंडळाच्या प्रदर्शनासाठी सचिवांनी तो मागितला. मी अट घातली: पत्रं चिमट्याने दोरीला लावायची, दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत आणि नेली तशी परत द्यायची. त्यांनी मान डोलावली.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी माझ्या पत्रांपुढे होती. माझी छाती फुगली. आई गर्दीतून पुढे झाली.

"उलटं करून दाखव रे," ती म्हणाली.

उलटं होईना. पत्रं डिंकाने प्लायवूडवर चिकटवली होती. मी तिथेच आवाज चढवला. सचिव हसले.

"अहो, चित्रं सपाट नकोत का दिसायला? मागे नुसता पत्ता तर होता."

एक सोडवायला गेलो, ते फाटलं. आईने माझा हात धरला. "राहू दे. लोक बघतायत."

त्यानंतर तिने पत्रांचं नाव काढलेलं नाही.

सचिवसाहेब, चित्रं उत्तम होती हे मला सांगू नका, ते मला ठाऊक आहे. माझ्या घरी या, आईसमोर बसा आणि कोणाला विचारून चिकटवलीत, ते तिला सांगा.