जावेच्या हाताला लागलेली गाठ

माझी डावी छाती कापून काढली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, मी तिशी ओलांडली होती तेव्हाची. गाठ मलाच आंघोळ करताना लागली होती. वैदूनं लेप दिले, ते लावून झाले. लिंबागणेशाला नवस बोलून झाला. गाठ वाढतच होती. शेवटी माझ्या थोरल्या भावानं बातमी आणली की हद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखात, मिशनच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण बाई असलं दुखणं कापून काढतात. आमचे मालक गावचे पाटील. बायकोला परक्या ठिकाणी, गोऱ्या बाईच्या हाताखाली द्यायचं म्हणजे गावात काय काय बोललं जाईल हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी गाडी जुंपली. त्या वेळचं त्यांचं हे वागणं मी आजही नाकारत नाही.

माझ्याबरोबर धाकटी जाऊ आली. ती माझ्याहून बरीच लहान. नवी नवरी म्हणून आमच्या घरात आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा नीट थापता येत नव्हती, ती मी शिकवली. मला मूल झालं नाही. तिला पहिली मुलगी झाली ती माझ्याच कुशीत वाढली. मला ती 'मोठी आई' म्हणायची आणि तिच्या आईला नुसतं 'आई'. त्या नुसत्या 'आई'चं जावेला कधी वाईट वाटलं असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

दवाखान्यात मी बरेच दिवस पडून होते. तिथल्या नर्सबाईंनी मला अक्षरं शिकवली, त्यामुळंच आज हे लिहिता येतंय. जखम सुकत आली तेव्हा डॉक्टरीण बाईंनी मला, मालकांना आणि जावेला समोर बसवलं. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, पण कळेल असं होतं.

"गाठ काढली आहे. पण हे दुखणं परत येऊ शकतं. परत आलं तर लहान असताना सापडलं पाहिजे."

मग त्यांनी मला दुसरी छाती, काख आणि हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या हाडाच्या, वरचा खळगा कसा चाचपायचा ते दाखवलं. बोटं सपाट ठेवायची, चिमटीत धरायचं नाही. दर महिन्याला करायचं. वण मात्र पार काखेच्या मागं, पाठीकडं गेला होता. तिथली कातडी बधिर झालेली, आणि माझा उजवा हात तिथवर पोचत नव्हता. बाईंनी जावेची बोटं आपल्या हातात धरली आणि त्या वणावरून फिरवली.

"इथे तुमचा हात पाहिजे. काही लागलं तर लगेच घेऊन या. काही लागलं नाही तरी सहा महिन्यांनी या."

जाऊ रडायला लागली. "आणीन बाई, मी आणीन," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

घरी आल्यावर तो आमचा रिवाजच झाला. महिन्यातून एकदा, सकाळी, न्हाणीत ऊन पाण्यानं आंघोळ झाली की मी पाठमोरी बसायची. जाऊ हात गरम करून घ्यायची आणि वणावरून सावकाश फिरवायची.

"न्हाई अक्का. गुळगुळीत हाय."

ते ऐकलं की मी लुगडं सावरून उठायची आणि महिनाभर त्या विचाराकडं फिरकायची नाही. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, हा बाईंनी सांगितलेला व्यायाम रोज करायची. आधी हात खांद्यापर्यंतही जात नव्हता. हळूहळू तो उतरंडीच्या वरच्या मडक्यापर्यंत जायला लागला. दळण मी पुन्हा धरलं. शेतावर जायला लागले. कपिलधारला बायकांबरोबर दर्शनाला जाऊन आले. सहा महिन्यांनी दवाखान्यात गेलो तर बाईंनी तपासून "छान" म्हटलं. परत येताना मालकांनी गाडी थांबवून माझ्यासाठी पेरू घेतले होते. माझं आयुष्य मला परत मिळालं असं वाटण्याचे ते दिवस होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतरच्या सुगीत पोरीला परळीकडचं स्थळ आलं. घर मोठं, माणसं कडक. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं सगळ्या घरावरून नजर फिरवली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तुमचं ते दुखणं ऐकलं होतं. पार गेलं का?"

हे ओसरीवर, सगळ्यांसमोर. जाऊ माझ्या शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "गेलं. दर महिन्याला बघतो आमी. काई न्हाई." आणि हात वर करून दाखवला. त्या बाईचं समाधान झालं. पोरीचं पक्कं झालं. मला तर अंगात बळ आल्यासारखं वाटलं, की माझ्या बऱ्या होण्याचा पोरीला उपयोग झाला.

माघात दवाखान्यात जायची पाळी होती. मालक म्हणाले, "औंदा प्लेगाचा बंदोबस्त हाय. हद्दीवर करोडगिरीच्या जकात नाक्यावर गाड्या अडवून ठेवतेत. बायांनासुदीक उतरवून छपरात बसवतेत. लगीन झाल्यावर जाऊ."

मला ते पटलं. प्लेगाच्या बातम्या होत्याच. शिवाय जावेचा हात दर महिन्याला सांगत होता की गुळगुळीत आहे. फक्त तो हात आता लवकर उचलला जायचा. मला वाटलं, लग्नाची घाई आहे.

वैशाखात लग्न झालं. पोरगी चार दिवसांनी मांडवपरतणीला आली. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, सासरच्या गोष्टी सांगत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "मोठी आई, आता तरी जा की दवाखान्यात. माझ्यासाठी लई दिवस थांबलीस."

मी विचारलं, "कशासाठी थांबले?"

"ती नवी गाठ. आई म्हणली, तूच म्हणलीस म्हणं, पोरीचं लगीन होऊ द्या, मग बघू. मी हळद लागताना किती रडले, सगळ्यांला वाटलं सासरी जायचं म्हणून रडतीया. मी तुझ्यासाठी रडत होते."

मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते, तो तसाच फिरत राहिला. तिला काही कळू दिलं नाही. ती तर मला थोर समजून बसली होती. मला कुणी विचारलंच नव्हतं. माझा त्याग घरच्यांनी परस्पर उरकून टाकला होता, आणि वर माझ्या नावानं तो पोरीला सांगितलाही होता.

पोरगी सासरी गेली त्या दिवशी मी जावेला चुलीपाशी गाठलं. "पाठीकडं काय लागलं तुला?"

तिच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. "ज्वारीच्या दाण्याएवढं होतं, अक्का."

"कवा?"

"दिवाळीच्या सुमारास."

म्हणजे परळीची माणसं यायच्या आधी. मी ओसरीवर बसून "काई न्हाई" म्हणाले, हात वर करून दाखवला, तेव्हा ही शेजारी बसलेली होती आणि हिला माहीत होतं.

"कावून न्हाई सांगितलंस?"

"लगीन मोडलं असतं. घरात असलं दुखणं परत आलं म्हणल्यावर कोण पोरगी नेणार? भावजींलाबी इचारलं मी. ते म्हणले, चार-सहा महिन्यानं काई बिघडत न्हाई."

"आन् मला इचारायला काय झालं होतं? मी न्हाई म्हणले असते का? पोरगी माझी न्हाई का?"

त्यावर ती जे बोलली ते मी विसरलेली नाही. "तुमी हो म्हणला असता, अक्का. म्हणूनच न्हाई इचारलं. तुमी हो म्हणला असता, मग जलमभर पोरगी तुमचीच झाली असती. एक लगीन तरी माझ्या हातनं व्हऊ द्यावं वाटलं."

भाकरी करपली. तिनं ती उचलली नाही, मीही नाही.

मालकांना विचारलं तर ते अंगणात उभे राहून पागोटं नीट करत राहिले. "तू भ्याली असतीस. भिऊन का दुखणं बरं व्हतंय?" म्हणाले. "आता जाऊ की. उद्या जुंपतो गाडी."

मी म्हटलं, "तुमची गाडी नको."

माझा भाऊ कपिलधारच्या बाजूला राहायचा. त्याला निरोप धाडला. तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला, कुणाशी भांडला नाही, ओसरीवर पाणीसुद्धा प्याला नाही. नाक्यावर आमची गाडी थांबली तेव्हा त्यानं तिथल्या कारकुनाला विचारलं, "माघात इथं प्लेगासाठी गाड्या अडवत होते का?"

कारकून म्हणाला, "यंदा इकडं काहीच बंदोबस्त नव्हता. पूरा साल रास्ता खुला था."

भाऊ माझ्याकडं बघेना. मी पदर तोंडावर ओढला. नवऱ्यानं माझं दुखणं माझ्यापासून लपवलं हे एक. पण त्यासाठी त्यानं नाका, छप्पर, उतरवून घेतलेल्या बाया, एवढं सगळं रचून सांगितलं, आणि मी त्या न बघितलेल्या बायांची कीवही केली होती. ते मला जास्त लागलं.

डॉक्टरीण बाईंनी पाठीकडं हात लावला आणि तिथंच थांबल्या. दाणा आता दाणा राहिला नव्हता, हरभऱ्याहून मोठा झाला होता. "तुमच्या जावेला मी शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला हे लागलं नाही?"

मी म्हटलं, "लागलं होतं."

बाईंनी माझं लुगडं सावरून दिलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी काढू."

पुन्हा ती गुंगीची गोड, गुदमरवणारी वाफ, पुन्हा ओकाऱ्या, पुन्हा पट्ट्या. या वेळी काखेतलं आणखी काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर बाईंनी मला खरं ते सांगितलं, मी तसं सांगा म्हणाले होते म्हणून. दिवाळीला आले असते तर लहान जखमेत भागलं असतं. आता हात सुजेल, आणि ती सूज बहुधा जायची नाही. दुखणं गेलं की नाही हे मात्र आज कुणीच सांगू शकणार नाही, येत राहावं लागेल.

हात सुजलाच. कोपरापासून मनगटापर्यंत भरलेल्या पखालीसारखा. कासारीण आली की माझ्या उजव्या हातात बांगड्या भरायची आणि डावा हात हळूच खाली ठेवायची. त्या हातावर काटा, चटका, विळीचा काप काही होऊ द्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. निजताना तो गोधडीच्या वळकटीवर उंच ठेवायचा. मी हे सगळं केलं. भिंतीवरचा व्यायामही सोडला नाही. जातं सोडलं, पण परसात भाजी लावली, एक म्हैस घेतली, एका हातानं धार काढायला शिकले. मला जगायचं होतं, आणि नीट जगायचं होतं. त्यासाठी घरात कुणाची मर्जी धरायची गरज राहिली नव्हती.

त्या वर्षीच्या आखाडात जाऊ न्हाणीच्या दाराशी आली. "अक्का, बघू का?" म्हणाली. मी आतून कडी लावली. पाठीकडचं बघायला मी दर महिन्याला माहेरी जायला लागले. भावजय बघायची. तिचा हात खरबरीत होता आणि ती घाबरट, जरा काही लागलं की "ह्ये काय? ह्ये काय?" करून मला हैराण करायची. वणाची गाठ असायची, नाहीतर हाड. पण ती सांगायची. मला तेवढंच पाहिजे होतं.

जावेशी मी बोलणं टाकलं नाही. एका चुलीवर ते चालतही नाही. मीठ दे, सरपण भिजलंय, गाय व्यायला आलीय, एवढं बोलणं होत राहिलं. पोरगी बाळंतपणाला आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तिचं सगळं केलं. पोरीला खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. तिच्या आईनं सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

एकदा मालक म्हणाले, "किती वर्सं धरून बसशील? लगीन झालं, पोरगी सुखात हाय, तूबी हाईस."

"हाय," मी म्हटलं. "ते तुमच्यामुळं न्हाई."

ते उठून गोठ्याकडं गेले. मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण विश्वास ही वेगळी गोष्ट आहे, ती दयेनं परत येत नाही.

भावाबरोबर माझ्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू राहिल्या. प्रत्येक वेळी नाका जवळ आला की मी पदर तोंडावर ओढून घ्यायची. बाईंचे केस पांढरे झाले. नर्सबाई बदलून गेल्या. काही वर्षांनी एकदा बाईंनी नेहमीपेक्षा जास्त वेळ तपासलं, हासळीच्या वर, काखेत, पाठीकडं, पोटावर दाबून बघितलं, खोकायला लावलं. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं काही नाही. आता सहा महिन्यांनी नको. वर्षातून एकदा या. मला आनंद वाटतो."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी धरलं आणि माझ्या सुजलेल्या हातावर हात ठेवला. बाहेर येऊन भावाला सांगितलं. तो गाडीच्या चाकाला टेकून रडला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जाऊ ताट वाढत होती. मालकांनी विचारलं, "काय म्हणल्या बाई?"

 मी पाय धुतले, पाटावर बसले.

"या म्हणल्या पुन्हा," मी म्हटलं, आणि भाकरी मोडली.