बाबांना बाहेर बसवून पाहिलेला स्कॅन

बाबांना कावीळ झाली, सीटी स्कॅन झाला आणि डोंबिवलीच्या सर्जननी ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर वाटतोय’ म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द बंद. बाबांना सांगितलं, पित्ताचा खडा आहे. पुढच्या आठवड्यात मोठं ऑपरेशन ठरलेलं, त्यालाही आम्ही ‘खडा काढणं’च म्हणायचो. डॉक्टरकडे गेलं की बाबांना बाहेर बाकावर बसवायचं आणि मी नि दादा आत. यात पुढाकार माझाच, उगाच दादाला कशाला नावं ठेवू!

ऑपरेशनआधी ठाण्यातल्या एका रेडिओलॉजिस्ट बाईंना स्कॅन दाखवून घ्या, असं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सुचवलं. बाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सीडी लावली आणि स्क्रीनवर बाबांचं पोट पातळ कापांनी वरून खाली सरकायला लागलं. अंगावर काटाच आला. ज्या माणसाशी मी रोज भांडते, त्याच्या आत एवढं सगळं गुपचूप चालू असतं?

“कॅन्सरमध्ये बहुतेकदा स्वादुपिंडातली ही नळी गाठीच्या मागे फुगते,” बाई म्हणाल्या. “इथे बारीक झालीय, पण फुगलेली नाही. आणि एकच गाठ नाही, सगळं स्वादुपिंड सुजलंय. कडेची ही किनार बघा. शरीर स्वतःवरच उलटतं, असा एक आजार असतो, त्यात असं दिसतं. पण नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगणार नाही. त्या आजारात लाळेच्या ग्रंथीही सुजतात. यांना जबड्याखाली कधी सूज वगैरे?”

“नाही,” मी ठणकावून म्हटलं.

“तुम्हाला काय माहीत? पेशंट कुठेत?”

“बाहेर.”

“अहो, मग बोलवा की! पोट कुणाचं आहे?”

झापलंच मला. बाबा आले आणि सहज म्हणाले, “आहे की, वर्ष झालं. दाढी करताना दोन्हीकडे हाताला लागतं. दुखत नाही, मग कशाला सांगायचं?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके डॉक्टर केले, पण बाबांना कुणी काही विचारेल अशी सोयच आम्ही ठेवली नव्हती.

मग रक्त तपासलं, सुईने तुकडा काढला. त्यात कॅन्सर सापडला नाही, तरी खात्री कुणी देईना. ऑपरेशन थांबवून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. सूज उतरली तर हा आजार, नाही उतरली तर पुन्हा तोच संशय. दोन आठवडे मी सगळ्यांवर खेकसत होते.

दुसऱ्या स्कॅनला बाबांना आत घेतलं. बाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. रताळ्यासारखं टम्म झालेलं स्वादुपिंड पार ओसरलेलं, नळी मोकळी. “इतकी वर्षं बघतेय, तरी दर वेळी नवल वाटतं,” बाई म्हणाल्या. मी तर बघतच राहिले. नुसत्या करड्या सावल्या वाचून या बाईने माझा बाप परत दिला होता! मला रडूच फुटलं.

“अगं, रडतेस काय? खडा विरघळला ना?” बाबा म्हणाले.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग मी तो शब्द उच्चारला आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी खुर्ची आमच्याकडे वळवली.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघंच घाबरत होतात?” ते म्हणाले. “मला सांगायचं ना रे. मी धीर दिला असता.”